मिस्त्रींच्या खिशातली कानाची मशीन

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलं नसेल. मी कानाची मशीन आहे, आणि तीही जुन्या वळणाची. हल्लीच्या मशिनी कानामागं अशा दडून बसतात, की आपल्या कामाची त्यांना लाजच वाटते की काय कोण जाणे. मी तशी नव्हते. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, करड्या रंगाची, सदऱ्याच्या खिशात ऐटीत बसणारी. खिशापासून कानापर्यंत माझी पांढरी वायर जायची. खोक्यावर माझं इंग्रजी नाव सुबक अक्षरात छापलेलं होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. मी सगळ्यांची 'कानाची मशीन'च झाले.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोळ्यांना भिंग लावलेल्या बायकांनी केसाएवढ्या तारा डाख लावून माझ्या पोटात जोडल्या. शेवटी एका साहेबांनी माझ्यासमोर हलक्या आवाजात 'एक, दोन, तीन' म्हटलं आणि मी ते तीन आकडे दुसऱ्या टोकाला खणखणीत पोचवले. साहेब म्हणाले, "छान!" माझी कॉलर ताठ झाली असती, पण मला कॉलर नव्हती. मला वाटलं, आता आयुष्यभर आपण गोड गाणी आणि शहाण्या माणसांच्या गप्पा पोचवणार.

त्यानंतर सहा महिने मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका कानाच्या डॉक्टरांच्या काचेच्या कपाटात पडून होते. शेजारी प्लॅस्टरचा एक भलामोठा कान होता. त्याच्याशी मी बोलायचा प्रयत्न केला, पण एवढा मोठा कान असून त्याला काही ऐकू येत नव्हतं. पुढं काय वाढून ठेवलंय याची ती सूचना होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

सत्त्याण्णव साली धोंडीराम मिस्त्री मला घ्यायला आले. मिस्त्री बिद्रीजवळच्या एका खेड्यातले. साखर कारखान्यात ऊस चिरडणाऱ्या रोलरांशेजारी त्यांनी सव्वीस हंगाम फिटर म्हणून काढले होते. रोलर धडधडत राहिले आणि मिस्त्रींचे कान हळूहळू निवृत्त झाले. त्यांना घेऊन आली होती त्यांची मुलगी रूपाली. ती तेव्हा बारावीत होती. डॉक्टरांनी माझं बटण सुरू केलं, मिस्त्री उठले, दोन पावलं चालले आणि दचकून मागं वळले.

"कोण करकर कराय लागलंय?"

"तुमच्या चपला हायत्या आबा," रूपाली म्हणाली आणि हसायला लागली.

मिस्त्री कारागिराला मुद्दाम सांगून करकरणाऱ्या चपला करून घ्यायचे. बारा वर्षं त्या चपलांचा रुबाब सगळ्या गावानं ऐकला होता, फक्त मिस्त्रींनी सोडून. त्या दिवशी ते दवाखान्याच्या बाकापासून दारापर्यंत उगाचच सात-आठ फेऱ्या मारत राहिले. मला फार बरं वाटलं. घरी पोचलो तर दारात यल्लव्वा, म्हणजे मिस्त्रींच्या मालकीणबाई, उभ्या होत्या.

"आलासा व्हय!" त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रींनी दोन्ही हातांनी कान झाकले.

"अगं, एवढ्या मोठ्यानं का वरडालीस?"

"का म्हंजे? धा वरसं हळू बोलून बघितलं की!"

माझी वार्ता गावात पसरली. लोकांनी ऐकलं की मशीन खिशात असते, तेव्हा ते खिशाशी वाकून बोलायला लागले. मिस्त्रींना नमस्कार करायचा म्हणजे छातीशी तोंड नेऊन "जय भीम!" असं खच्चून ओरडायचं. माझ्या पोटातल्या तारा थरथरायच्या. मिस्त्रींना बोलणाऱ्याचं तोंड दिसायचंच नाही, त्याच्या डोक्याचा शेंडा दिसायचा. आता माणूस रागावलाय की हसतोय, हे शेंड्यावरून कसं कळणार? त्यातून खिशात माझ्या शेजारी चुन्याची डबी. मिस्त्री हलले की ती माझ्या अंगावर घासायची आणि मिस्त्रींच्या कानात भूकंप व्हायचा. त्या डबीचं आणि माझं शेवटपर्यंत जमलं नाही.

तरी हे सगळं मी सोसलं असतं. खरी पंचाईत मिस्त्रींच्या दोन सवयींची होती. पहिली सवय काटकसरीची. माझ्या पोटात एक पेन्सिल सेल लागायचा, आणि तो उगाच जळू नये म्हणून मिस्त्री माझं बटण बंदच ठेवायचे. वायर कानात, मी खिशात, आणि बटण बंद. दिवसातून एकदा रेडिओच्या बातम्यांना ते मला जागं करायचे. चालू असताना यल्लव्वांनी एखादं भांडं आपटलं, तर त्यांचं बोट आपोआप बटणावर यायचं आणि घरात शांतता पसरायची. म्हणजे त्यांच्यापुरती.

दुसरी सवय याहून वाईट. 'मला ऐकू आलं नाही' हे चार शब्द मिस्त्रींच्या तोंडातून निघायचे नाहीत. हातात लाखाची हत्यारं वागवलेला माणूस, त्याला लाज वाटायची. मग समोरचा बोलायचा थांबला, की ते मान डोलवायचे, हसायचे आणि म्हणायचे, "व्हय की!"

गंमत बघा मित्रांनो. या सवयीमुळं मिस्त्री बदनाम व्हायला हवे होते, ते उलट गावात थोर ठरले. कारण ते मध्ये बोलायचे नाहीत. घाई करायचे नाहीत. समोरच्याकडं टक लावून प्रेमळपणे बघायचे. शेजारच्या तानाबाई दर मंगळवारी येऊन सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या. त्यांची सून दर शुक्रवारी येऊन तानाबाईंची सांगायची. दोघींनाही मिस्त्री "व्हय की" म्हणायचे आणि दोघीही समाधानानं घरी जायच्या. "मिस्त्रीसारखं ऐकून घेणारा माणूस पंचक्रोशीत न्हाय," असं लोक म्हणायचे. मी खिशात बटण बंद करून बसलेली असायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पण एका वेळी मात्र ते मला आवर्जून सुरू करायचे. रूपाली डीएड झाली आणि तिला शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका शाळेवर शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली. तिकडंच एक खोली घेऊन ती राहायची आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस्टीनं घरी यायची. हातपाय धुऊन ती आबांच्या शेजारी बसायची, आणि तिच्या पावलांची चाहूल लागायच्या आधीच मिस्त्रींनी माझं बटण सरकवलेलं असायचं. मग ती सांगायची. चार इयत्ता आणि खोली एकच. भात लावणीला पोरं गायब. एक मुलगा फळ्यावरचं सोडून खिडकीतलं माकड वहीत उतरवतो. मिस्त्री हसायचे ते खरं हसायचे. त्या वेळी मी त्यांच्या छातीला टेकलेली असायचे, म्हणून मला फरक कळायचा.

दोन हजार दोन साली रूपालीला एक स्थळ आलं. मुलाचं नाव बुद्धभूषण, कोल्हापुरात पोस्टात नोकरीला. मुलगा शांत, सरळ. आईवडील नव्हते, मामांनी वाढवलेला. आणि हे मामा म्हणजे धम्मपाल सर. त्यांचा राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर संभाषण कौशल्याचा क्लास होता. बाहेर पाटी होती, 'बोला आणि जिंका!' सर स्वतः सतत जिंकत असायचे.

रविवारी पाहुणे घरी आले. मिस्त्रींनी माझ्यात नवा सेल घातला, वायर पुसली, चुन्याची डबीसुद्धा दुसऱ्या खिशात टाकली. माझा ऊर भरून आला. म्हटलं, आज आपली खरी परीक्षा. रूपाली चहा-पोहे देऊन आईजवळ बसली. बुद्धभूषण खाली मान घालून बसला. आणि सर बोलायला लागले. संवादाचे प्रकार किती, नजरेचं महत्त्व काय, परदेशात हात कसा मिळवतात. पोहे निवले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मुलाचा पगार, घर, राहणं, यातलं काहीच येईना. मिस्त्रींचं बोट हळूच खिशाकडं आलं. मी मनात म्हटलं, नको हो मिस्त्री, आज नको. खट्‌.

बटण बंद झालं. आता मिस्त्रींच्या कानाच्या टोकाला नुसती शांतता होती.

त्यानंतर पाच मिनिटांत सर मुद्द्यावर आले. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं, फक्त पुढं पोचवता येईना. "आमची एकच अट आहे. मुलीनं ती शाळेची नोकरी सोडायची. एवढ्या लांब डोंगरात आमच्या घरच्या सुनेनं राहायचं नाही. हे तुम्हाला मान्य आहे ना?"

सर थांबले. सर थांबले म्हणजे आपली पाळी आली, हे मिस्त्रींनी ओळखलं. त्यांनी मान डोलवली, गोड हसले आणि म्हणाले, "व्हय की!"

पेढ्यांचा पुडा सुटला. रूपाली वडिलांकडं बघत होती. वायर कानात होती. नवा सेल तिच्यादेखत घातला होता. गेली दोन वर्षं दर शनिवारी ज्यांना तिनं आपली शाळा सांगितली, त्या माणसानं एका शब्दात ती शाळा देऊन टाकली होती. मिस्त्रींनी तिच्याकडंही हसून मान डोलवली. मला ओरडता आलं असतं, तर मी त्या दिवशी सगळ्या खेड्याला जागं केलं असतं. पण मला फक्त दुसऱ्याचा आवाज पोचवता येतो.

पाहुणे गेल्यावर यल्लव्वा कडाडल्या, "पोरीला न इचारता ती शाळा सोडंल म्हणून कसं कबूल केलासा?" पण त्याआधी त्यांनी आपटलेलं पातेलं मिस्त्रींनी बघितलं होतं, त्यामुळं बटण बंदच राहिलं. मिस्त्री म्हणाले, "व्हय की." तीन दिवस त्या ओरडल्या, तीन दिवस मिस्त्री व्हय म्हणाले. मग त्यांनीही नाद सोडला.

रूपाली मात्र ओरडली नाही. तिनं बोलणंच बंद केलं. पुढच्या शनिवारी ती आली, हातपाय धुतले, आबांपुढं ताट ठेवलं, बोटानं मिठाकडं खूण केली आणि आत गेली. मिस्त्रींनी माझं बटण सरकवलेलं होतं. मी कान टवकारून बसले होते. भांड्यांचा आवाज आला, कोंबडीचा आला, बैलाच्या घुंगरांचा आला. रूपालीचा नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. लग्न ठरलं म्हणून लाजत असेल, असं मिस्त्रींना वाटलं. तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला हातात घेऊन चक्क थापट मारली. चौथ्या शनिवारनंतर ते मला घेऊन कोल्हापूरला गेले, ख्वाजाभाईंकडं.

ख्वाजाभाई घड्याळं दुरुस्त करायचे. रेडिओ, टॉर्च, कॅल्क्युलेटर, जे लहान असेल ते त्यांना चालायचं. त्यांनी मला उघडलं, फुंकर मारली, स्प्रिंग घासली, परत मिटवलं आणि मिस्त्रींच्या कानात वायर दिली.

"ऐकू येतंय का मिस्त्री?"

"येतंय की."

"ती रिक्षा गेली?"

"आली ऐकू."

"माझी घड्याळं?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. "येत्यात. एक जरा लंगडतंय."

"मग कोण ऐकू येत न्हाय?"

"रूपाली," मिस्त्री म्हणाले. "बाकी समदं येतंय ख्वाजाभाई. तिचाच आवाज तेवढा मशीन धरत न्हाय. महिना झाला."

ख्वाजाभाईंनी डोळ्यावरचं भिंग काढलं. मला हळूच मिस्त्रींच्या खिशात ठेवलं आणि ते खिशाशी न वाकता त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "मशीन ठणठणीत हाय मिस्त्री. पोरगीच बोलत नसंल."

मी मिस्त्रींच्या छातीला टेकलेली होते. तिथं काय झालं ते मी कुणाला सांगणार नाही.

पुढच्या शनिवारी रूपाली ताट ठेवून वळली, तेव्हा मिस्त्रींनी तिचा हात धरला. मला खिशातून काढून तिच्यापुढं ठेवलं आणि बटण दाखवलं. सुरू होतं. "आता बोल," ते म्हणाले. "काय चुकलं माझं?"

"तुमीच तर व्हय म्हणलासा आबा."

"कशाला व्हय म्हणलो?"

रूपाली त्यांच्यासमोर बसली. मग तिनं सांगितलं. मिस्त्री मध्ये एकदाच बोलले, ते म्हणजे, "ते परत सांग, मला नीट ऐकू आलं न्हाय." पाच वर्षांत पहिल्यांदा ते शब्द त्यांच्या तोंडातून निघाले, आणि काही आभाळ कोसळलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी मला उचलून परत खिशात ठेवलं.

"बटण बंद हुतं बाळ," ते म्हणाले. "तुझी शाळा मी घालवली, आणि मला ठावंबी न्हाय."

यल्लव्वा दारात उभ्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हंजे तीन दिवस मी बंद मशिनीपुढं वरडत हुते?" असं म्हणून त्या जे हसायला लागल्या, ते थांबेचनात. रूपालीही हसली. मग रडली. मिस्त्री दोन्ही नीट ऐकत राहिले.

हे निस्तरायचं म्हणजे मोठी नामुष्की होती. सगळ्या गावात ऐकून घेण्याबद्दल नावाजलेल्या माणसानं, आपण ऐकतच नव्हतो, असं कबूल करायचं. लग्न मोडलं असतं. पोरीच्या नावाला बोल लागला असता. पण दुसऱ्याच दिवशी मिस्त्री रूपालीला घेऊन राजारामपुरीत गेले आणि चपला करकरवत दुसरा मजला चढले.

वर सरांचा रविवारचा वर्ग भरलेला होता. तीसेक मुलं होती, मागच्या बाकावर बुद्धभूषणही होता. फळ्यावर विषय लिहिलेला, 'ऐकण्याची कला'. मिस्त्री दारात दिसताच सरांचा चेहरा उजळला.

"या, या! मुलांनो, आदर्श श्रोता कसा असतो ते प्रत्यक्ष बघा! गेल्या महिन्यात मी यांच्याशी पाऊण तास बोललो. नजर माझ्यावर स्थिर, चेहऱ्यावर स्मित, योग्य जागी मान हलते!"

"सर, मशीन बंद हुती," मिस्त्री म्हणाले.

"आणि किती नम्र, बघा!"

"सर, माझं जरा ऐका."

"ऐका! हाच तो शब्द! ऐकणं म्हणजे काय, तर—"

मिस्त्रींनी आणखी दोनदा प्रयत्न केला. सर ऐकण्याबद्दल इतकं बोलत होते, की त्यांना ऐकायला सवडच नव्हती. शेवटी मिस्त्री सरळ वर्गाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे अडकवले. कारखान्यात रोलरमध्ये काही अडकलं, की ही खूण करायची. त्या धडधडाटात शब्दाला किंमत नसते. ही खूण दिसली की पन्नास फुटांवरचा माणूसही आहे ते सोडून मिल थांबवतो.

सर थांबले. हातात खडू, तोंड अर्धवट उघडं. पंख्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"सर," मिस्त्री हात खाली घेत म्हणाले, "पोरीची शाळा सोडायला मी व्हय म्हणालो, पर तुमचं एक अक्षर ऐकलं न्हवतं. मला ऐकू येत न्हाय, आणि ते सांगायची मला लाज वाटती. म्हणून मी समद्यांस्नी व्हय म्हणतो. चूक माझी हाय. आता जे काय ते हिला बोलू द्या."

सरांचे कान लाल झाले. "म्हणजे दिलेला शब्द फिरवताय तुम्ही?"

मिस्त्री बाजूला झाले. त्यांनी रूपालीकडं बघितलं.

रूपालीचा आवाज पहिल्या वाक्याला कापत होता, पण मी तो सांडू दिला नाही. ती म्हणाली, "माझ्या पहिलीच्या वर्गात अक्षता नावाची पोरगी हाय. जूनपासून एक शब्द बोलली न्हवती. मी रोज तिच्याशेजारी बसायची, ती नुसती माझ्या बांगड्या मोजायची. सहा महिन्यांनी, परवा दिवशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, बाई, तुमी उद्या येणार न्हवं?" मग ती सरांकडं वळली. "तिला मी काय सांगू, तेवढं सांगा."

सर काही बोलणार होते, पण बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यातला तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा. मागच्या बाकावरून बुद्धभूषण उभा राहिला. त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"मामा, त्या दिवशी तिकडं जाताना तुम्ही मला म्हणालासा, की मुलगीच शाळा सोडायला तयार हाय." मग तो रूपालीकडं वळला, जरा घुटमळला आणि म्हणाला, "तुमच्या शाळेला एस्टी कुठवर जाते?"

"मलकापूरच्या पुढं फाट्यापातूर," रूपाली म्हणाली. "तिथनं तासभर चालायचं."

"चालू की," बुद्धभूषण म्हणाला.

पुढच्या वर्षी लग्न झालं. बुद्धभूषणनं मलकापूरला बदली मागून घेतली आणि रूपाली शाळेतच राहिली. धम्मपाल सरांनी लग्नात भाषण केलं, पण अर्ध्या तासातच आटोपलं. गावात मात्र मिस्त्रींची पुरती अब्रू गेली. तानाबाई तणतणत आल्या, "म्हंजे पाच वरसं मी कुणापाशी बोलत हुते?" मिस्त्रींनी बटण सुरू केलं, पाट सरकवला आणि म्हणाले, "बसा. सुरवातीपासनं सांगा." तानाबाईंनी खरंच सुरवातीपासून सांगितलं. ते चार मंगळवार मी जन्मात विसरणार नाही. शेवटी मिस्त्री म्हणाले, "तानाबाई, यात तुमचंच चुकतंय," आणि त्या पुन्हा आल्या नाहीत.

दोन हजार आठ साली रूपालीनं आबांसाठी कानामागं बसणारी नवी मशीन आणली. मला एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. रागावण्यासारखं त्यात काही नाही, प्रत्येकाची वेळ येते. पण आयुष्यभर सेल वाचवणारे मिस्त्री मला ठेवताना आतला सेल काढायचं तेवढं विसरले. तो पाझरला, माझ्या स्प्रिंगा हिरव्या पडल्या आणि मी मुकी झाले. म्हणून तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल तर त्यातला सेल काढून ठेवा, एवढी माझ्या जातभाईंसाठी विनंती.

आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरातलं कुणी एकाएकी गप्प झालं, विचारलं तर नुसती मान हलवायला लागलं, तर वाट बघू नका. मिस्त्रींनी चार शनिवार घालवले. तुम्ही त्याच दिवशी त्याच्याशेजारी जाऊन बसा, 'काय झालं' म्हणून विचारा, आणि त्याचं बोलून होईपर्यंत अगदी गप्प राहा. ते काम आमच्यातल्या कुठल्याही मशिनीला, नव्यातल्या नव्या मशिनीलासुद्धा, जमत नाही.